खटक्याचे चाकू जमवायचेत? पाकीट उघडण्याआधी हे वाचा

खटक्याचा चाकू म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं उभी राहतात. एक पडद्यावरचा रामपुरीवाला खलनायक, दुसरी ‘धारदार शस्त्रासह एकास अटक’ ही वर्तमानपत्रातली बातमी. पण इटली, जर्मनी, अमेरिका इथे हे चाकू घड्याळं किंवा फाउंटन पेनं जमवावीत तशा प्रेमाने जमवणारे लोक आहेत, आणि त्यांची ओढ मारामारीशी फारशी संबंधित नसते. ती यंत्राशी असते. बोटाएवढ्या जागेत दाबून बसवलेली स्प्रिंग, ती अडवून धरणारा एक खटका, आणि पातं जागेवर बसताना येणारा तो आवाज. चांगल्या कारागिराच्या चाकूचा आवाज नुसता ऐकूनही ओळखता येतो.

हा लेख त्या ओढीत नव्याने सापडलेल्यांसाठी आहे. वाचणारे पुण्या-नाशिकचे असतील तसे न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, लंडनचेही असतील. त्यामुळे सुरुवातीलाच सांगतो: या छंदात कायदा पत्त्यानुसार बदलतो. काही गावी हा निव्वळ छंद आहे, तर काही गावी घरात ठेवणं हाच गुन्हा.

पहिली पायरी: वस्तू ओळखा

बाजूने उघडणारा चाकू हा मूळ प्रकार. पातं मुठीत मिटलेलं असतं आणि आतली स्प्रिंग त्याला सतत बाहेर ढकलत असते. पात्याच्या बुडाला एक खाच असते. खटक्याची दांडी तिच्यात अडकून पातं रोखून धरते. खटका दाबला की दांडी खाचेतून सुटते, पातं अर्धवर्तुळात फिरतं आणि शेवटी तीच दांडी दुसऱ्या खाचेत बसून उघडं पातं पक्कं करते. बहुतेक मॉडेलमध्ये शेजारी एक छोटी सरकपट्टीही असते. ती खटका चुकून दाबला जाऊ नये म्हणून.

दुसरा प्रकार समोरून निघणाऱ्या पात्याचा. इथे पातं फिरत नाही, मुठीच्या तोंडातून सरळ बाहेर येतं. साध्या बनावटीत ते बाहेर आपोआप येतं, पण आत हाताने ओढून घ्यावं लागतं. दुहेरी बनावटीत एकच सरकखटका पुढे ढकलला की पातं बाहेर, मागे ओढला की आत. दुहेरी बनावट जास्त हुशारीची आणि जास्त नाजूक. पात्याला वाटेत काही अडलं तर ते मधेच ‘रुळावरून’ घसरतं आणि परत जागेवर आणावं लागतं. शिवाय यातलं पातं थोडंसं हलतंच. नवखे लोक त्याला दोष समजून चाकू परत पाठवतात. सरकणाऱ्या पात्याला तेवढी जागा द्यावीच लागते.

तिसरा, जर्मन पद्धतीचा तरफेचा चाकू. मुठीवरची छोटी तरफ उचलून दाबली की पातं उघडतं. झोलिंगनची हुबर्टुस ही कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे.

या तिघांचे चुलतभाऊ वेगळे ओळखायला शिका, कारण कायदा त्यांच्यात फरक करतो. गुरुत्वाकर्षणाच्या चाकूत स्प्रिंग नसते; खटका दाबून चाकू खाली धरला की पातं स्वतःच्या वजनाने पडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छत्रीधारी सैनिकांकडे असे चाकू होते. ‘असिस्टेड’ म्हणून विकले जाणारे चाकू आणखी निराळे. त्यांचं पातं आधी बोटाने थोडं ढकलावं लागतं, मग स्प्रिंग पुढचं काम करते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने २००९ मध्ये या चाकूंना स्पष्टपणे वगळलं.

आणि रामपुरी? जुन्या रामपुरीच्या पात्याला बहुधा दातेरी गरारी असते. पातं हाताने उघडतात, त्याचा कडकड आवाज येतो. म्हणजे ज्याला आपण सरसकट बटनाचा चाकू म्हणतो त्यातले कितीतरी खरे स्वयंचलित नसतातच.

दुसरी पायरी: इतिहास माहीत असू द्या

संग्राहक पोलादापेक्षा गोष्टीला जास्त पैसे मोजतो, म्हणून हा भाग टाळू नका.

अमेरिकेत जॉर्ज श्रेड या कारागिराने १८९२ च्या सुमारास बटनाने उघडणाऱ्या चाकूचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावी ते चाकू बनू लागले. तेव्हा ती शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, कारकुनाच्या खिशातली सोयीची वस्तू होती. एका हातात काम असताना दुसऱ्या हाताने उघडता येते, एवढंच तिचं कौतुक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन छत्रीधारी सैनिकांना एम-२ हा बटनाचा चाकू मिळाला, त्यामागचा विचारही हाच: उडी मारून झाडावर लटकलात, एक हात अडकला, तर दुसऱ्या हाताने दोऱ्या कापून सुटता यावं.

युद्ध संपलं आणि अमेरिकन सैनिक इटलीतून आठवण म्हणून लांबट, निमुळते स्टिलेटो घरी आणू लागले. मग आयात वाढली, किमती उतरल्या आणि चाकू शहरी पोरांच्या हाती आले. त्या काळच्या अमेरिकेत तरुणांच्या टोळ्यांची मोठी धास्ती होती. मासिकांनी, चित्रपटांनी आणि राजकारण्यांनी या चाकूलाच त्या धास्तीचा चेहरा बनवलं. १९५८ मध्ये केंद्रीय कायदा आला: परदेशातून आयात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापार बंद. सूट ठेवली ती सैन्याला, आणि एकच हात असलेल्या माणसाला, तेही तीन इंचांपर्यंतच्या पात्यापुरती. पुढच्याच वर्षी ब्रिटननेही विक्री आणि आयात बंद केली.

माझं मत विचाराल तर त्या कायद्यांनी गुन्हे किती कमी केले यावर वाद घालता येईल, पण चाकूभोवतीचं गूढ मात्र त्यांनीच वाढवलं. बंदी आली नसती तर हा चाकू आज कात्रीच्या शेजारी विकला गेला असता आणि त्याचे संग्राहक मूठभर राहिले असते.

इटलीतल्या मानियागो गावाचं नाव लक्षात ठेवा. फ्रिउली प्रांतातलं, डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. १४५३ मध्ये इथल्या सरदार घराण्याने नदीचं पाणी कालव्याने आणण्याची परवानगी मिळवली. त्या पाण्यावर घण चालू लागले आणि गाव पात्यांचं झालं. आधी शेतीची अवजारं, मग चाकू-कात्र्या, आणि विसाव्या शतकात स्टिलेटो. फ्रँक बेल्त्रामे, कांपोलिन ही आजही संग्राहकांच्या तोंडी असलेली नावं इथलीच.

तिसरी पायरी: कायदा, आणि तोही तुमच्या पत्त्याचा

ही पायरी लांब आहे. चाकूंचे फोटो पाहण्यात घालवायचा वेळ आधी इथे घाला.

भारतापासून सुरू करू. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं मोडतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. ‘मग माझा चार इंची चालेल’ असा निष्कर्ष इथे बरेच जण काढतात. तो घाईचा आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, गरारीदार आणि बटनदार चाकू नाव घेऊन पकडले आहेत. तिथे मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची आहे. उत्तर प्रदेशात साडेचार इंचांवरच्या रामपुरीवर बंदी आली आणि रामपूरच्या चाकूबाजारातली दुकानं एकेक करून मिटली. गंमत म्हणजे त्याच रामपुरात २०२३ मध्ये चौकात सहा मीटरहून लांब रामपुरी उभारला आणि चौकाला चाकू चौराहा हे नाव दिलं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या तोंडावर पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्रं, लाठ्या, चाकू, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते. हे आदेश इतक्या वेळा निघतात की कोणत्या दिवशी कोणता लागू आहे याची कुणालाच कल्पना नसते. तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. स्टेटसला चाकूसह फोटो टाकणं त्याच वाटेवरचं आहे. २०१८ मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकूंवर पोलिसांनी छापे घातले होते. संकेतस्थळावर विकायला आहे म्हणजे घ्यायला मोकळीक आहे, असं नसतं.

परदेशातून आणायचा विचार तर सोडूनच द्या. परवान्याशिवाय शस्त्र देशात आणणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम १० चा भंग आहे. वस्तू शस्त्र आहे की खेळणं, हे विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी ठरवतो, तुम्ही नाही. अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना बॅगेत टाक’ असं सांगू नका. चेक-इन बॅगेत ठेवायला तिथल्या विमानतळाने हरकत घेतली नाही, तरी मुंबईत उतरल्यावर अडकेल तो भाचा.

म्हणून भारतात राहणाऱ्यांना माझा सल्ला रोखठोक आहे: चालू स्थितीतले स्वयंचलित चाकू जमवू नका. हौस तशीच राहिली तर काय करायचं, ते पुढे सांगतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांचं चित्र वेगळं. केंद्रीय कायदा व्यापारावर बोलतो. जवळ बाळगण्याचं बहुतेक राज्य ठरवतं. टेक्सासने २०१३ मध्ये बंदी उठवली. कॅलिफोर्नियात दोन इंच किंवा त्याहून लांब पात्याचा स्वयंचलित चाकू अंगावर बाळगणं, सार्वजनिक जागी गाडीत ठेवणं, विकणं किंवा देणं गुन्हा आहे. म्हणून तिथल्या दुकानांत दोन इंचांना जेमतेम कमी पडणारे चिमुकले चाकू मिळतात. न्यू जर्सीत तो जवळ असण्यामागे समजावून सांगता येईल असं कायदेशीर कारण लागतं, आणि ‘समजावून सांगता येईल’ हे कुणाला, तर आधी पोलिसाला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. कायदा असा हलता असल्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ पाहून ठरवू नका. राज्याची आणि शहराचीही सध्याची कलमं वाचा. टपाल खात्यामार्फत हे चाकू पाठवता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर हिशोब आणखी कडक. किरकोळ वाटणारी अटकही पुढे प्रत्येक अर्जात लिहावी लागते. त्या काळात चाकू अंगावर नको. अगदी कायदेशीर राज्यातही नको.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी एकच वाक्य: १४ जुलै २०२१ पासून तिथे खटक्याचा चाकू घरातल्या कपाटात असणंही गुन्हा आहे. जर्मनीत मुठीच्या बाजूने उघडणाऱ्या साडेआठ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला दीर्घकाळ मुभा होती. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस नवा कायदा आला आणि मोजके अपवाद सोडून तीही गेली. म्युनिकमध्ये वर्षानुवर्षं कायदेशीर संग्रह केलेला माणूस एका रात्रीत प्रश्नात सापडू शकतो तो असा. या छंदाचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. पैसे तुमचे, पण वस्तूचं भवितव्य संसदेच्या पुढच्या अधिवेशनावर.

चौथी पायरी: पहिला चाकू

जिथे हे कायद्यात बसतं तिथल्यांसाठी. सुरुवात एकाच चाकूने करा, आणि तो नवा घ्या. जुन्या बाजारात उतरायला डोळा तयार व्हावा लागतो.

इतिहासाची ओढ असेल तर मानियागोचा नऊ इंची स्टिलेटो. हे माप उघड्या चाकूच्या एकूण लांबीचं असतं, पात्याचं नाही. शिंगाची किंवा लाकडी मूठ, पितळी किंवा निकेलची टोकं. किंमत साधारण शंभर डॉलरच्या पुढे सुरू होते आणि मुठीच्या जिनसेनुसार चढते. यंत्राची ओढ असेल तर प्रो-टेक किंवा मायक्रोटेकसारख्या अमेरिकी कंपन्या. समोरून निघणाऱ्या चांगल्या चाकूला तीनशे डॉलरच्या आसपास आणि पुढे तयारी ठेवा. पंधरा-वीस डॉलरला मिळणारे चकचकीत चाकू घेऊ नका. त्यांची स्प्रिंग लवकर मरते, सरकपट्टी नावापुरती असते आणि खिशात आपोआप उघडण्याचा खरा धोका तिथेच असतो.

हातात घेतल्यावर काय पाहायचं? मिटलेलं पातं मुठीच्या मधोमध आहे का. खटका पृष्ठभागाच्या पातळीत किंवा किंचित खाली आहे का. वर आलेला खटका खिशात दाबला जातो. सरकपट्टी लावून खटका जोराने दाबला तरी पातं जागचं हलत नाही ना. उघडलेलं पातं वर-खाली हलवून पाहा. बाजूने उघडणाऱ्यात ते हलता कामा नये. आणि हे सगळं करताना चाकूचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर. उघडताना बोट पात्याच्या वाटेत नको. मिटवताना तर बोटं कुठे आहेत ते दर वेळी पाहायचं, कारण जखमा जास्त होतात त्या मिटवतानाच.

जुन्या इटालियन चाकूंत ‘पिकलॉक’ बनावटीला मान आहे. तो मिटवायला मुठीच्या पाठीवरची पट्टी नखाने उचलावी लागते. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस मागे पडली, म्हणून त्या चाकूंना वयाचा पुरावा आपोआप मिळतो आणि किंमतही. अर्थात नकला होतात. पात्यावर ‘इटली’ किंवा ‘मिलानो’ कोरलेलं आहे एवढ्यावर भाळू नका. ते कोरायला इटलीत असावं लागत नाही. पातं बदललेलं, स्प्रिंग नवी, मूठ तिसऱ्याच चाकूची, असे जोडचाकूही फिरतात. विकणाऱ्याला आतून काढलेले फोटो मागा. देत नसेल तर पुढे जा.

पाचवी पायरी: सांभाळणं

करकरीत चाकू हातात आला की दिवसभर उघडमीट करण्याचा मोह होतो, बॉलपेनचं बटन टकटकवावं तसा. चपट्या स्प्रिंगचे जुने चाकू यानेच मोडतात, आणि साठ वर्षांपूर्वीची स्प्रिंग बनवून देणारा कारागीर शोधणं हा वेगळाच छंद होऊन बसतो. गुंडाळीच्या स्प्रिंगा जास्त सोसतात, तरी त्यांनाही अंत आहे.

तेल कमी, स्वच्छता जास्त. आत तेल साचलं की त्यावर खिशातला कापूस-धूळ चिकटते आणि पातं आळसावतं. आधी हवेने धूळ उडवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब बिजागरीला. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे खवट चिकट होतं. समोरून निघणाऱ्या चाकूंत तर जवळपास कोरडंच ठेवलेलं बरं.

चामड्याच्या म्यानात किंवा डब्यात कायम ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली रसायनं दमट हवेत पोलाद खातात. सिलिका जेलच्या पुड्या लागतात, आणि समुद्राकाठी राहत असाल तर त्या वरचेवर बदलाव्याही लागतात. शिंगाच्या मुठी फार कोरड्या जागी तडकतात, त्यांना किडेही लागतात.

सगळ्यात फसवी जिन्नस म्हणजे जुनी सेल्युलॉइडची मूठ. मोत्यासारखी चमकणारी, कासवाच्या पाठीसारखी नक्षीदार दिसते. ती वयानुसार आतून कुजते, तिच्यातून आम्लधर्मी वाफ निघते आणि त्या वाफेने शेजारचे चांगले चाकूही गंजतात. शिवाय ती पटकन पेट घेते. मुठीला कापरासारखा किंवा आंबूस वास येऊ लागला, पितळेवर हिरवट थर दिसला, तर तो चाकू त्याच दिवशी वेगळ्या, हवा खेळणाऱ्या जागी हलवा.

घरात मुलं असतील तर कुलपाला पर्याय नाही. काचेच्या कपाटात मांडून ठेवणं पाहुण्यांना छान वाटतं, पण मुलांना नेमका तो बटनवाला चाकूच हवा असतो.

थोडं वास्तव

या चाकूंचा उपयोग काय, हा प्रश्न घरातलं कुणीतरी विचारणारच. खरं उत्तर: फारसा नाही. स्टिलेटोचं पातं अरुंद आणि टोकदार, त्याला नीट धार बहुधा लावलेलीच नसते. टोमॅटो चिरायला घरची सुरी कितीतरी बरी. एका हाताने उघडणं ही सोय खरी, पण आज अंगठ्याने उघडणारे साधे चाकू तेवढ्याच झटकन उघडतात आणि बहुतेक ठिकाणी कायद्याच्या कचाट्यातही सापडत नाहीत.

स्वसंरक्षणासाठी घेतोय म्हणाल तर घेऊच नका. घाबरलेल्या माणसाच्या हातातला चाकू बहुतेक वेळा प्रसंग वाढवतो. आणि पोलिसाला ‘स्वसंरक्षणासाठी’ हे उत्तर दिलंत की तुम्हीच त्या वस्तूला शस्त्र म्हणून मोकळे होता.

पैसे गुंतवणूक म्हणून घालणार असाल तर विकण्याचा विचार आधी करा. राज्याबाहेर विकण्यावर कायद्याची सावली, टपाल बंद, बऱ्याच ऑनलाइन बाजारपेठा असा माल घेतच नाहीत. राहतात ती चाकूंची प्रदर्शनं आणि ओळखीतले संग्राहक. तिथे भाव मिळतो, पण त्यांच्या सवडीने. त्यामुळे प्रत्येक चाकूची पावती, दोन्ही बाजूंचे फोटो, पात्याची मोजलेली लांबी आणि कुठून आला याची एक वही ठेवा. ही वही वारसांसाठीही लागते. बाबांच्या कपाटात सापडलेल्या चाकूंचं काय करायचं, हे त्यांना कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं.

भारतात राहून हौस कशी भागवायची

हाताने उघडणारे घडीचे चाकू हा सरळ मार्ग. स्विस, फ्रेंच, जपानी घडीच्या चाकूंतली कारागिरी कमी नाही आणि लहान पात्याच्या, घरगुती वापराच्या चाकूबद्दल घरात ठेवण्यापुरता प्रश्न सहसा येत नाही. मनाई आदेशाच्या काळात तोही खिशात घालून फिरू नका.

दुसरा मार्ग अडकित्त्यांचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन पाहा: मोर, घोडे, जोडपी, पितळेवरचं नक्षीकाम. पातं, बिजागरी आणि कारागिराची कल्पना हे तिन्ही घटक तिथे आहेत, आणि जुन्या बाजारात ते आजही मिळतात, परवान्याची भानगड न होता. खटक्याच्या चाकूने सुरू होऊन अडकित्त्यांवर स्थिरावलेला संग्राहक मला जास्त शहाणा वाटतो, पण तो माझा पक्षपात समजा.

आणि इटलीला जाणं झालंच तर व्हेनिसच्या ईशान्येला मानियागोला वाट वाकडी करा. तिथे जुन्या चाकू-कारखान्याच्या इमारतीत पात्यांच्या कारागिरीचं संग्रहालय आहे. पाहा, फोटो काढा. बाहेरच्या दुकानातून परतीच्या सामानात मात्र कात्री किंवा स्वयंपाकघरातली सुरी आणा, आणि तीही हातातल्या बॅगेत नव्हे, चेक-इनमध्ये.